रॉकेटवरचा मास स्पेक्ट्रोमीटर नेमकं काय मोजतो?

प्रश्न थोडक्यात असा: जमिनीपासून शंभर किलोमीटरच्या आसपास कोणते वायू आणि कोणते आयन किती प्रमाणात आहेत, हे रॉकेटमधला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे कणांना वस्तुमानानुसार वेगळं करून मोजणारं यंत्र, कसं सांगतो? उपग्रह असताना रॉकेट कशाला लागतं? आणि पाच-दहा मिनिटांच्या उड्डाणात मिळालेल्या आकड्यांवर कितपत भरवसा ठेवावा?

माझं बरंचसं काम व्हॅक्यूम यंत्रणा आणि मास स्पेक्ट्रोमीटर यांच्याशीच संबंधित राहिलं आहे, त्यामुळे तिसरा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचं सगळं लक्ष मास फिल्टरकडे, म्हणजे यंत्रातल्या वस्तुमान निवडणाऱ्या भागाकडे असतं. रिझोल्यूशन किती, रेंज किती, डिटेक्टर कोणता, हेच ते विचारतात. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण त्या प्रयोगशाळेत तपासता येतात आणि सुधारताही येतात. खरी अडचण त्याच्या अलीकडे असते. मोकळ्या आकाशातला कण यंत्राच्या छिद्रापर्यंत येतो आणि छिद्रातून फिल्टरपर्यंत जातो, तेवढ्या प्रवासात तो बदलू शकतो, हरवू शकतो, किंवा त्याच्याऐवजी रॉकेटनेच बरोबर नेलेला एखादा रेणू आत शिरू शकतो. या विषयातले मोठे वाद आणि मोठे शोध या शेवटच्या काही सेंटिमीटरांतच घडले आहेत.

रॉकेटच का, हे आधी सांगतो. संशोधनाचे फुगे साधारण चाळीस किलोमीटरपर्यंत जातात, अगदी विक्रमी उड्डाणं पन्नासच्या थोडी वर गेली आहेत. उपग्रह दीडशे किलोमीटरच्या खाली टिकत नाही, हवेच्या घर्षणाने खाली येतो. मधल्या शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात यंत्र प्रत्यक्ष नेऊन मोजायचं तर साउंडिंग रॉकेट, म्हणजे कक्षेत न जाता वर जाऊन काही मिनिटांत खाली येणारं रॉकेट, हाच एक मार्ग उरतो. लायडर (लेसरने दुरून मोजणारं यंत्र), रडार किंवा उपग्रहावरची दूरसंवेदन उपकरणं इथली घनता, तापमान, काही ठरावीक वायू आणि धातू चांगले दाखवतात. पण एखाद्या उंचीवरचे सगळे आयन वस्तुमानानुसार वेगळे करून दाखवणं त्यांना जमत नाही.

शास्त्रीयदृष्ट्या हाच पट्टा सर्वांत गुंतागुंतीचा आहे. जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटरपर्यंत हवा ढवळली जात असते, म्हणून नायट्रोजन, ऑक्सिजन, आरगॉन यांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सारखंच राहतं. त्यानंतर शंभर ते एकशेदहाच्या आसपास एक सीमा येते. तिच्या वर ढवळण्यापेक्षा रेणूंचं विसरण वरचढ ठरतं आणि प्रत्येक वायू आपापल्या वजनाप्रमाणे वागू लागतो. जड वायू उंचीबरोबर झपाट्याने कमी होतात, हलके हळूहळू. २०० केल्व्हिन तापमान धरलं तर नायट्रोजनची स्केल हाइट, म्हणजे दाब सुमारे २.७ पट घटायला लागणारी उंची, सव्वासहा किलोमीटर येते. आरगॉनची येते सव्वाचार ते साडेचार. जमिनीवर आरगॉनचं नायट्रोजनशी प्रमाण ०.०१२ आहे. ते कोणत्या उंचीपासून घटू लागतं हे पाहिलं की ढवळणं कुठे संपतं ते कळतं. आरगॉन कशाशीही रासायनिक क्रिया करत नाही आणि भिंतीला चिकटत नाही, म्हणून या कामाला तो फार विश्वासू साक्षीदार आहे.

पहिली मोजमापं याच कामासाठी झाली. विलार्ड बेनेट यांनी १९५० च्या सुमारास चुंबकाशिवाय चालणारा रेडिओ-फ्रीक्वेन्सी मास स्पेक्ट्रोमीटर केला. चुंबक नसल्यामुळे तो हलका होता आणि रॉकेटवर बसवता आला. अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीच्या लोकांनी मे १९५४ मध्ये व्हाइट सँड्सहून सुटलेल्या व्हायकिंग-१० रॉकेटवर तो नेला आणि २१९ किलोमीटरपर्यंतच्या धन आयनांची पहिली नोंद मिळवली. पुढे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात मेडोज आणि टाउनसेंड यांनी कॅनडातल्या फोर्ट चर्चिलहून, ध्रुवीय हिवाळ्यातल्या रात्री, ११२ ते १५० किलोमीटरमध्ये आरगॉन आणि नायट्रोजन खरोखरच वेगळे होत असल्याचं दाखवलं.

आज बहुतेक उड्डाणांत क्वाड्रुपोल असतो. बॉन विद्यापीठातल्या वोल्फगांग पॉल यांनी स्टाइनवेडेल यांच्यासह १९५३ मध्ये त्याचं तत्त्व मांडलं. आयनांना पकडून ठेवण्याच्या त्यांच्या कामासाठी पॉल यांना १९८९ चं नोबेल मिळालं. चार समांतर दांड्या असतात आणि त्यांना स्थिर व उच्च-वारंवारितेचा असे दोन्ही व्होल्टेज एकत्र देतात. एका क्षणी वस्तुमान आणि विद्युतभार यांच्या एका ठरावीक गुणोत्तराचेच आयन दांड्यांमधून सरळ पार जातात, बाकीचे डोलत डोलत दांड्यांवर आदळतात. व्होल्टेज चढवत नेला की एकेक वस्तुमान समोर येतं. बाहेरचे आयन मोजायचे असतील तर छिद्रापाशी थोडा ऋण व्होल्टेज देऊन ते थेट आत ओढून घेतात. उदासीन रेणूंना मात्र आधी फिलामेंटच्या इलेक्ट्रॉनांनी आयनित करावं लागतं. इथेच दोन्ही मोजमापांच्या अडचणी वेगळ्या होतात.

आयनांपासून सुरू करतो. ऐंशी किलोमीटरवर हवेचा दाब सुमारे १ पास्कल असतो आणि एका रेणूची दुसऱ्याशी टक्कर होईपर्यंतचं सरासरी अंतर अवघं काही मिलिमीटर. क्वाड्रुपोल नीट चालायला आतला दाब साधारण ०.०१ पास्कलच्या खाली हवा, नाहीतर आयन वाटेतच धडकून भरकटतात. म्हणजे छिद्र उघडं ठेवून बाहेरची हवा आत घ्यायची आणि त्याच वेळी आतला दाब शंभरपटीने कमी राखायचा. शिवाय हे धडधडणाऱ्या रॉकेटवर, दोन-तीन मिनिटं सलग. एकशेदहाच्या वर बाहेरची हवाच इतकी विरळ असते की पंप नसला तरी चालतं. खाली मात्र पंपाशिवाय काहीच मिळत नाही, आणि डी थर, म्हणजे आयनांबरातला सर्वांत खालचा थर, नेमका खालीच असतो.

अमेरिकी हवाई दलाच्या केंब्रिज रिसर्च लॅबोरेटरीजमधले नार्सिसी आणि बेली यांनी हा तिढा द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या झिओलाइटच्या पंपाने सोडवला. झिओलाइट हे बारीक छिद्रांचं खनिज, थंड झालं की वायू शोषून घेतं. पंपाला हलणारा एकही भाग नाही, त्यामुळे उड्डाणातल्या कंपनांची त्याला भीती नाही. १९६३ मध्ये फ्लोरिडातून सुटलेल्या त्यांच्या रॉकेटने ६४ ते ११२ किलोमीटरमधले धन आयन मोजले, आणि १९६५ मध्ये तो निकाल प्रसिद्ध झाला.

त्यांना काय सापडायला हवं होतं, हे आधी सांगायला हवं. सूर्याच्या १२१.६ नॅनोमीटरच्या लायमन-अल्फा किरणातल्या एका फोटॉनची ऊर्जा १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. नायट्रिक ऑक्साइड आयनित करायला ९.३ पुरतात, ऑक्सिजनच्या रेणूला १२ लागतात, नायट्रोजनला साडेपंधरा. म्हणून डी थरात मुख्य आयन नायट्रिक ऑक्साइडचा, वस्तुमान ३०, असणार असं गणित होतं. निकोले आणि एकिन यांनी १९६० मध्ये ते तपशीलवार मांडलं होतं. नार्सिसी आणि बेली यांच्या वर्णपटात, म्हणजे कोणत्या वस्तुमानाचे कण किती ते दाखवणाऱ्या आलेखात, मात्र साधारण ८२ किलोमीटरच्या खाली दोन भलतीच शिखरं सर्वांत उंच होती: १९ आणि ३७. प्रोटॉनला पाण्याचा एक रेणू चिकटला की १९ होतात, दोन चिकटले की ३७.

पहिली शंका साहजिकच रॉकेटवर गेली. जमिनीवरून निघालेलं कोणतंही यंत्र पृष्ठभागांवर पाण्याचे थर घेऊन जातं. निर्वातात ते पाणी तासन्‌तास सुटत राहतं. आम्ही प्रयोगशाळेत एखादा चेंबर उघडून बंद केला तर त्यानंतरच्या पहिल्या वर्णपटात सर्वांत उंच शिखर १८ चंच, म्हणजे पाण्याचंच असतं, आणि चेंबर दीडशे अंशांवर रात्रभर बेक केल्याशिवाय ते हटत नाही. मग मध्यांबरात, म्हणजे साधारण पन्नास ते पंच्याऐंशी किलोमीटरच्या थरात, पाण्याचे आयन दिसले तर ते आकाशातले कशावरून?

याचा निवाडा हळूहळू झाला, आणि तो कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. रॉकेटमधून सुटणारं पाणी वेळेबरोबर कमी होतं, उंचीशी त्याचा तसा संबंध नसतो. पण हे आयन ८०–८५ किलोमीटरच्या आसपास एकदम नाहीसे होत होते. पुढे वेगवेगळ्या गटांच्या, वेगवेगळ्या देशांतून सुटलेल्या रॉकेटांवरही तीच सीमा दिसली. उरलेला दुवा रसायनशास्त्राने दिला. फेसेनफेल्ड आणि फर्ग्युसन यांनी १९६९ मध्ये दाखवलं की ऑक्सिजनच्या आयनाला आधी आणखी एक ऑक्सिजन रेणू चिकटतो, मग त्याची जागा पाणी घेतं आणि पुढच्या पायऱ्यांत प्रोटॉनयुक्त पाणी तयार होतं. ही साखळी सुरू व्हायला तीन कणांच्या टकरी लागतात, म्हणजे हवा पुरेशी दाट हवी. त्यामुळेच ती वरच्या बाजूला तुटते. मध्यांबरात पाण्याची वाफ दहा लाखांत काही मोजके रेणू इतकीच असली तरी ही साखळी चालायला तेवढी पुरते. ज्याला यंत्राची घाण समजून फेकून दिलं जाऊ शकलं असतं, तीच डी थराची मुख्य रासायनिक वस्तुस्थिती निघाली.

तरीही वर्णपटात दिसलेला १९ बाहेरही १९ च होता, असं म्हणता येत नाही. रॉकेट आवाजाच्या कितीतरी पट वेगाने जातं. नव्वदच्या खाली हवा दाट असल्याने नाकापुढे शॉक वेव्ह, म्हणजे एकदम दाबल्या गेलेल्या हवेची लाट, तयार होते, आणि तिच्या मागची हवा तापते. पाण्याचे तीन-चार रेणू सैलपणे धरून ठेवलेला आयन त्या उष्णतेत एक-दोन रेणू गमावतो. छिद्रापाशी आयन ओढणारा व्होल्टेज जास्त ठेवला तर त्या ओढीने मिळालेल्या ऊर्जेतही तो टकरींत फुटतो. म्हणजे बाहेर ५५ वस्तुमानाचा आयन असेल, आत ३७ दिसेल. यावर उपाय म्हणून तोंड टोकदार शंकूसारखं करतात, जेणेकरून शॉक वेव्ह शंकूला चिकटून राहील आणि मधोमध येणारी हवा कमीत कमी बिघडेल. ओढीचा व्होल्टेज उड्डाणातच दोन-तीन टप्प्यांत बदलतात आणि शिखरांची प्रमाणं त्याबरोबर किती हलतात ते पाहतात. व्होल्टेज कमी केल्यावर जड समूह-आयन, म्हणजे जास्त पाण्याचे रेणू चिकटलेले आयन, वाढले, तर आधीचा वर्णपट तुटलेल्या तुकड्यांचा होता हे उघड आहे. अशी चाचणी नसलेल्या जुन्या उड्डाणांत मी एकूण समूह-आयनांच्या बेरजेवर विश्वास ठेवतो, त्यांच्या आपापसातल्या वाटणीवर नाही.

आता उदासीन वायू. इथला सगळ्यात त्रासदायक कण म्हणजे सुटा ऑक्सिजन अणू. शंभरच्या वर तो झपाट्याने महत्त्वाचा होतो, आणि साधारण दोनशेच्या पुढे नायट्रोजनलाही मागे टाकतो. तो अत्यंत क्रियाशील आहे. धातूच्या भिंतीला लागला की दुसऱ्या अणूशी जुळून रेणू होतो किंवा भिंतीवरच्या कार्बनशी संयोग पावून निघून जातो. बंद कोठडीसारख्या आयन-सोर्समध्ये, म्हणजे जिथे रेणूंचे आयन केले जातात त्या भागात, कण आयनित होण्याआधी भिंतींवर अनेकदा आपटतो. त्यामुळे सुरुवातीच्या मोजमापांत १६ चं शिखर असायला हवं त्याहून बुटकं आणि ३२ चं उगाच उंच यायचं. परत १६ च्या शिखरातही भेसळ असते, कारण ७० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांनी ऑक्सिजनचा रेणू फुटूनही १६ मिळतो. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अठराच्या खाली आणली तर ही भेसळ थांबते, कारण अणू आयनित व्हायला १३.६ पुरतात पण रेणू फोडून आयन काढायला सुमारे १८.७ लागतात. त्याची किंमत म्हणून सिग्नल मात्र बराच घटतो.

मिनेसोटाचे आल्फ्रेड नीअर, ज्यांनी १९४० मध्ये युरेनियम-२३५ वेगळं करून दिलं होतं, त्यांनी एरोबी रॉकेटांवर दुहेरी-केंद्रीकरणाचे चुंबकीय स्पेक्ट्रोमीटर नेले आणि सोर्स शक्य तितका उघडा ठेवला, म्हणजे कण भिंतीला न लागता आयनित व्हावेत. पुढे ॲटमॉस्फिअर एक्सप्लोरर उपग्रहांवर त्यांनी याचा कळस गाठला. उपग्रहाच्या सेकंदाला आठ किलोमीटर वेगामुळे समोरून येणाऱ्या ऑक्सिजन अणूची ऊर्जा पाच इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर असते, भिंतीला लागून थंडावलेल्याची जेमतेम शतांशांत. मध्ये एक अडवणारा व्होल्टेज ठेवला की भिंतीला लागलेले गळतात, थेट आलेलेच पुढे जातात. तुम्ही म्हणाल, मग रॉकेटवर हेच का करत नाहीत? कारण रॉकेटचा वेग दीड किलोमीटर असेल तर त्याच अणूची ऊर्जा फक्त ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. सोर्समधल्या व्होल्टेजच्या विषमतेत आणि आयनांच्या स्वतःच्या ऊर्जेच्या पसाऱ्यात तो फरक बुडून जातो. म्हणून रॉकेटवाल्यांना वेगळा मार्ग शोधावा लागला. बॉनच्याच ओफरमान आणि फॉन झान यांनी १९७० च्या सुमारास आयन-सोर्सच्या भिंती द्रव हीलियमने ४ केल्व्हिनच्या जवळ नेल्या. इतक्या थंड भिंतीला लागलेला ऑक्सिजन, नायट्रोजन, आरगॉन तिथेच गोठून बसतो, परत येतच नाही. मग मोजला जातो तो फक्त भिंतीला न शिवलेला कण. शिवाय याच थंड भिंती पंपाचंही काम करतात. अवजड आणि खर्चिक पद्धत आहे, पण खालच्या थर्मोस्फिअरमधल्या (मध्यांबराच्या वरच्या थरातल्या) सुट्या ऑक्सिजनच्या बाबतीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

स्वतःच्या वायूचा बंदोबस्त दोन प्रकारे होतो. यंत्र जमिनीवर बेक करून निर्वात अवस्थेत झाकण लावून बंद करतात आणि झाकण वर गेल्यावरच उडवतात. त्यापूर्वी, बंद झाकणाआडून घेतलेला वर्णपट म्हणजे यंत्राची स्वतःची पार्श्वभूमी. दुसरी गोष्ट फिरकीची. रॉकेट स्वतःभोवती फिरत असतं आणि त्याचा अक्ष प्रवासाच्या दिशेशी तिरका झाला की छिद्र कधी वाऱ्यासमोर येतं, कधी थोडं आडोशाला जातं. बाहेरून येणाऱ्या वायूचा सिग्नल त्या ठेक्यात वरखाली होतो. रॉकेटच्या अंगातून सुटणारा वायू तो ठेका पाळत नाही. टेलिमेट्रीच्या (रॉकेटवरून रेडिओने आलेल्या नोंदींच्या) पट्टीवर २८ चं, म्हणजे नायट्रोजनचं शिखर लयीत डोलतंय आणि १८ चं शिखर सपाट चाललंय असं दिसलं, तर १८ कुठून आलं हे सांगायला वेगळ्या गणिताची गरज उरत नाही.

वस्तुमान सारखं असलेल्यांचा घोळ कायमचा आहे. २८ वर नायट्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो आणि आयन मोजत असाल तर सिलिकॉनही. साधा उड्डाणक्षम क्वाड्रुपोल यांत भेद करू शकत नाही. मंगळयानावरच्या मेन्का या मास स्पेक्ट्रोमीटरलाही हीच मर्यादा होती, म्हणून त्याच्या निकालांत २८ हा नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मिळूनच वाचावा लागतो. धातूंच्या बाबतीत मात्र समस्थानिक मदतीला येतात. मॅग्नेशियमचे २४, २५, २६ हे ७९ : १० : ११ या प्रमाणात असतात. लोखंडाच्या ५६ बरोबर ५४ असायलाच हवा, सुमारे सहा टक्के. ही प्रमाणं जुळली की ओळखीबद्दल शंका राहत नाही.

याचं मला फार आवडणारं उदाहरण आपल्या केरळातल्या थुंब्याचं आहे. थुंबा चुंबकीय विषुववृत्तावर असल्यामुळे तिथे रॉकेट तळ उभा राहिला, आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं उड्डाण झालं. नासाच्या गोडार्ड केंद्रातले एकिन आणि गोल्डबर्ग यांनी थुंब्याहून धन आयनांची चार मोजमापं केली. हे एकिन तेच, डी थराचं गणित मांडणारे. दिवसा ९० ते १२५ किलोमीटरमध्ये नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनचे आयन मुख्य निघाले, आणि ९२ किलोमीटरवर धातूंच्या आयनांचा थर सापडला: मॅग्नेशियम, लोखंड, कॅल्शियम, पोटॅशियम, ॲल्युमिनियम, सोडियम. हे सगळं उल्कांच्या धुळीतून आलेलं. रात्री हा थर खाली सरकलेला दिसला, आणि थराच्या आत नायट्रिक ऑक्साइड व ऑक्सिजनचे आयन कमी झालेले दिसले. उदासीन धातूचा अणू त्यांच्याकडून विद्युतभार घेतो, ते संपतात, धातूचा आयन उरतो. अणुरूप आयन इलेक्ट्रॉनाशी फार सावकाश जुळतो, म्हणून रात्रभर टिकतो.

हे थुंब्यालाच पाहणं का महत्त्वाचं होतं? मध्य अक्षांशांवर चुंबकीय रेषा तिरप्या असतात, त्यामुळे उंचीनुसार दिशा बदलणारा वारा धातूंच्या आयनांना दाबून पातळ पापुद्रे बनवतो. विषुववृत्तावर रेषा आडव्या असतात, तिथे वाऱ्याची ही युक्ती चालत नाही. रात्री थर खाली येण्याचं कारण त्या दोघांनी विषुववृत्तीय डायनॅमोच्या, म्हणजे वाऱ्याने आयनित हवा चुंबकीय क्षेत्रातून ढकलल्यामुळे तयार होणाऱ्या, विद्युत क्षेत्रात शोधलं.

इतका बारीक थर यंत्राच्या हाती कितीसा लागतो, तेही पाहा. रॉकेटचं शिखर दोनशे किलोमीटरवर असेल तर ९० वर त्याचा वेग सेकंदाला दीड किलोमीटरच्या जवळ असतो. पाच किलोमीटर जाडीचा थर साडेतीन सेकंदांत पार. एक पूर्ण वर्णपट घ्यायला एक सेकंद लागत असेल, तर अख्ख्या थरात तीन-चार वर्णपट, आणि एकाच वर्णपटातलं २४ आणि ५६ हे सुद्धा शेकडो मीटरच्या अंतराने घेतलेले. म्हणून हुशार आखणीत सलग स्कॅन न करता हव्या त्या वस्तुमानांवरच उड्या मारतात आणि बाकीचं सोडून देतात. न सापडलेल्या गोष्टी अशाने राहून जातात, हे मान्य करूनच ही निवड करावी लागते. हजारोंच्या वस्तुमानाचे उल्काधुळीचे भारित कण असेच बराच काळ दुर्लक्षित राहिले. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या आंडोयाहून सुटलेल्या जर्मन उपकरणाची रेंज २००० पर्यंत नेली होती ती याचसाठी.

भरवशाचं विचारलंत, तर माझा क्रम असा आहे. आरगॉन आणि नायट्रोजन यांचं गुणोत्तर सर्वांत विश्वासार्ह, कारण दोघंही भिंतीशी वाद घालत नाहीत आणि गुणोत्तरात यंत्राची बरीचशी चूक कापली जाते. धातूंच्या आयनांची ओळख पक्की, त्यांची उंची पक्की. प्रत्यक्ष घनता मात्र सोबतच्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या प्रोबशी जुळवूनच घ्यावी, कारण छिद्रातून किती आयन आत आले हे पेलोडवर, म्हणजे रॉकेटच्या यंत्रं असलेल्या भागावर, साचलेल्या विद्युतभारावरही अवलंबून असतं. सुट्या ऑक्सिजनचा आकडा, सोर्स कसा होता हे वाचल्याशिवाय वापरू नये. आणि उदासीन पाण्याची वाफ रॉकेटवरच्या मास स्पेक्ट्रोमीटरने मोजली असा दावा दिसला, तर झाकण कधी उडालं, चढतानाचा आणि उतरतानाचा आकडा एकाच उंचीवर जुळतो का, आणि १८ चं शिखर फिरकीबरोबर डोलतं का, या तिन्हीची उत्तरं शोधनिबंधात शोधावीत. ती नसतील तर तो आकडा मी आलेखावर घेत नाही.